विनाचालक हेलिकॉप्टर आणि भाताची खाचरे

१९४१ साली, साऱ्या जगाचे लक्ष युरोपातील महायुद्धाकडे लागले असताना, अमेरिकेतील बफेलो शहरी बेल कंपनीच्या विमान-कारखान्यात आर्थर यंग नावाच्या एका खाजगी संशोधकाने आपले एक लहानसे हेलिकॉप्टर कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे उडवून दाखविले. ते विजेच्या मोटारीवर चालत होते, त्याला तारेवाटे आज्ञा जात होत्या आणि आत कोणी बसलेले नव्हते. बसण्याजोगी जागाच त्यात नव्हती. यंग हा काही पेशाने विमानविद्येचा पंडित नव्हे. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९२७ साली गणित शिकून बाहेर पडलेल्या या तरुणाला विश्वाचे तत्त्वज्ञान रचावयाचे होते. परंतु तत्पूर्वी आपल्या बुद्धीला एखाद्या कठीण ऐहिक प्रश्नाची शिस्त लागावी, अशा हेतूने त्याने हेलिकॉप्टर हा विषय हाती घेतला आणि लहान लहान प्रतिकृती बांधण्यात, उडविण्यात व मोडण्यात एक तप घालविले. (हेलिकॉप्टर सिद्ध झाल्यावर तो खरोखरच तत्त्वज्ञानाकडे परतला. आयुष्याचा आराखडा आखून त्याबरहुकूम वागणारी माणसे विरळा असतात, म्हणून हे नमूद केले.)

हेलिकॉप्टरच्या इतिहासग्रंथांत या प्रतिकृतीचा उल्लेख मोठ्या यंत्राची पूर्वपीठिका म्हणून होतो. मला मात्र तिचे महत्त्व निराळे वाटते. आज ज्याला आपण स्वयंचलित उड्डाण-नियंत्रण म्हणतो, त्याचा लहान हेलिकॉप्टरांपुरता उगम येथे आहे. आणि तेथून पुढे ऐंशी वर्षांचा जो इतिहास घडला तो, बारकाईने पाहिले असता, मनुष्याने आपला अखत्यार एकदम नव्हे तर कलमाकलमाने, आणि बहुतेक वेळा नाइलाजाने, यंत्राच्या हवाली करण्याचा इतिहास आहे.

तो नाइलाज कशातून उद्भवतो हे समजण्यासाठी हेलिकॉप्टरचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. साधे विमान योग्य रीतीने बांधलेले असेल, तर वाऱ्याच्या धक्क्याने डळमळले तरी काही काळाने आपणहून पूर्वस्थितीस येते. अधांतरी स्थिर राहू पाहणारे हेलिकॉप्टर तसे येत नाही. तळहातावर उभी तोलून धरलेली काठी जशी हात क्षणभर थबकला तरी कलंडते, तसे ते एका बाजूस झुकते, झुकले की त्या बाजूस घसरते, घसरताना उलट झुकते आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. त्यात भर अशी की, त्याची कोणतीही एक कळ एकटी फिरविता येत नाही. वर चढण्यासाठी पात्यांचा कोन वाढवावा, तर इंजिनावरचा भार वाढून यंत्राचे नाक एका बाजूस वळू लागते. ते आवरण्यासाठी शेपटीच्या पंख्याचा जोर वाढवावा, तर तो पंखा सबंध यंत्रालाच आडवे ढकलतो. ते ढकलणे थोपविण्यासाठी यंत्र किंचित कलते करावे, तर उचलून धरणाऱ्या बळाचा काही अंश आडवा खर्ची पडून यंत्र खाली येऊ लागते आणि मग पात्यांचा कोन पुन्हा वाढवावा लागतो. शिवाय फिरत्या वस्तूचा धर्म असा की, पंख्याच्या एका बाजूस दिलेला रेटा सुमारे पाव फेरा उलटल्यानंतर, म्हणजे काटकोनातील दिशेस, प्रकट होतो.

यंगने या स्वभावावर जो उपाय योजिला, तो अत्यंत साधा होता. मुख्य पंख्याच्या पात्यांशी काटकोन करून, दोन टोकांस वजने लाविलेली एक दांडी त्याने त्याच आसावर फिरती ठेवली. वेगाने फिरणारी ही दांडी, खालचे यंत्र कलले तरी, आपले मूळ प्रतल सहसा सोडीत नाही. आणि पात्यांचे कोन या दांडीशी जोडलेले असल्यामुळे पंखा हा यंत्राच्या डोलण्याचा नव्हे, तर दांडीच्या स्थैर्याचा अनुगामी होतो. पुढे स्टॅन्ली हिलर या दुसऱ्या अमेरिकी संशोधकाने दांडीच्या टोकांस वजनांऐवजी छोटे पंख बसवून तिच्याकडून पात्यांचे सुकाणूही हलविले, आणि लहान हेलिकॉप्टरांत कालांतराने या दोन्ही युक्त्यांचा संकर रूढ झाला. त्या दांडीत ना विजेचा प्रवाह होता ना गणनयंत्र. तरीही यंत्राची सद्यःस्थिती जाणणे, ती इष्ट स्थितीशी ताडून पाहणे आणि फरक पडला असेल तर तो मोडून काढणे, ही नियंत्रणशास्त्राची तिन्ही कर्तव्ये ती बिनबोभाट बजावीत होती. मनुष्याने यंत्रास दिलेला हा पहिला अखत्यार. याच दांडीसह बेल कंपनीच्या ४७ क्रमांकाच्या हेलिकॉप्टरला मार्च १९४६ मध्ये नागरी उड्डाणाचा परवाना मिळाला.

चालकाला यंत्रातून पूर्णपणे काढून टाकण्याची निकड प्रथम भासली ती आरमाराला. १९५० नंतरच्या दशकात सोव्हिएट पाणबुड्यांचा धाक वाढला, त्यांचा माग लावणारी सोनार यंत्रे अधिक दूरवरचे ऐकू लागली, परंतु जहाजावरील पाणतीर तेवढा पल्ला गाठू शकत नव्हते. आणि महायुद्धकालीन विनाशिकांची तक्तपोशी माणूस बसणारे हेलिकॉप्टर उतरविण्याइतकी प्रशस्त नव्हती. तेव्हा लाँग आयलंडवरील गायरोडाइन कंपनीकडून अमेरिकी नौदलाने एकावर एक असे दोन पंखे उलट दिशांनी फिरविणारे, पाणतीर वाहून नेणारे बिनमाणसाचे हेलिकॉप्टर करून घेतले. ऑगस्ट १९६० मध्ये पॅटक्सेंट रिव्हर येथील नौदलाच्या तळावर त्याने कोणाही मनुष्यावाचून मुक्त उड्डाण केले. क्यूएच-५० असे त्याचे सरकारी नाव. नाविक त्याला 'डॅश' म्हणत.

डॅशच्या नियंत्रणाची व्यवस्था पाहिली म्हणजे त्या काळाच्या आत्मविश्वासाचे कौतुकही वाटते आणि कीवही येते. तक्तपोशीवर उभा असलेला एक अधिकारी ते डोळ्यांनी पाहत उडवी. दूर गेल्यावर जहाजाच्या पोटातील अंधाऱ्या दालनात रडारच्या पडद्याशी बसलेला दुसरा अधिकारी त्याचा ताबा घेई. आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्याकडे तो ताबा सोपविला जाई. यंत्रात जायरोस्कोप होते, त्यामुळे ते आपली मान ताठ ठेवू शकत असे. परंतु आपण कोठे आहो, कोणत्या वेगाने चाललो आहो, याचा बोध त्याला स्वतःला नव्हता, आणि रडारवर बसलेल्या अधिकाऱ्याला त्याची जी काय खबर मिळे ती पडद्यावरील एका ठिपक्यापुरती. एकेरी विद्युत्-मंडले, कोठेही राखीव जोडी नाही. एक भाग निकामी झाला की यंत्र समुद्रार्पण. सातशेहून अधिक बांधलेल्या यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक अशा ना तशा रीतीने गमावली गेली, आणि १९७० च्या आसपास नौदलाने ही सारी मोहीमच गुंडाळली. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर काही डॅशांवर दूरदर्शन-कॅमेरे चढवून तोफांचा नेम पाहण्याचे काम त्यांच्याकडून घेतले गेले. जपानच्या सागरी संरक्षण दलानेही आपल्या विनाशिकांवर काही काळ हीच यंत्रे बाळगली होती.

डॅशच्या अपयशाचे खापर तत्कालीन इलेक्ट्रॉनिक सामग्रीवर फोडण्याचा प्रघात आहे आणि तो बव्हंशी न्याय्यही आहे. तथापि मला त्यात एक तत्त्वाचा दोष दिसतो. जहाजावरच्या मनुष्याने निर्णय घ्यावा आणि दूरच्या यंत्राने तो निमूट पाळावा, ही विभागणी जेथे मनुष्याला दिसत नाही तेथे टिकत नाही. अखत्यार द्यावयाचा तर ज्ञानेंद्रियांसह द्यावा लागतो, ही गोष्ट आरमाराला तेव्हा उमगली नाही. ती पुढे उमगली भात पिकविणाऱ्यांना.

दरम्यान युरोपात हौशी लोकांचा एक निराळाच उद्योग चालू होता. पश्चिम जर्मनीतील डीटर श्ल्युटर याने १९७० च्या आगेमागे रेडिओने चालणारी, खरोखर हुकमात राहणारी मॉडेल हेलिकॉप्टरे उडविली आणि त्यांचे सुटे भाग जोडणीसाठी बाजारात आणले. हेलिकॉप्टर जितके लहान, तितके ते अधिक चपळ, आणि म्हणून तितका त्याच्या चालकाला विचाराचा अवधी कमी. मोठ्या यंत्रात जी चूक सुधारण्यास सेकंद-दोन सेकंद मिळतात, तीच चूक मॉडेलमध्ये निमिषार्धात विनाशास नेते. श्ल्युटरच्या हौशी मंडळींनी ही विद्या केवळ बोटांच्या सरावाने हस्तगत केली.

आता जपान. तेथील शेतकी खात्याने भातावरील औषधफवारणीसाठी माणूस बसणारी हेलिकॉप्टरे १९५८ पासूनच कामास लाविली होती. परंतु जपानी भातशेती ही लहान लहान खाचरांची, खाचरांना खेटून घरे, शाळा, विजेच्या तारा आणि शेजाऱ्याचा भाजीपाला; वरून जाणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरचे औषध कोणाच्या अंगणात पडेल याचा भरवसा नसे, आणि वस्ती जसजशी पसरत गेली तसतशा तक्रारी वाढल्या. दुसरीकडे तरुण मंडळी शहरांकडे गेलेली आणि मागे उरलेले वृद्ध शेतकरी भर उन्हाळ्यात, अंगभर संरक्षक पोषाख चढवून, खांद्यावरून फवारणीची नळी ओढीत चिखल तुडविताहेत, असे दृश्य गावोगाव होते. करपा आणि तुडतुडे तर वाट पाहत नाहीत. दोन-चार दिवसांत सबंध शिवार फवारून व्हावे लागते.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी, शेतकी खात्याच्या छत्राखालील कृषी-विमानवाहतूक संघाने बिनमाणसाच्या फवारणी-हेलिकॉप्टरची तजवीज सुरू केली आणि १९८३ मध्ये ते काम यामाहा कंपनीकडे सोपविले. मोटारसायकली, नौकांची इंजिने आणि पियानोच्या घराण्याशी नाते असलेल्या या कंपनीने प्रथम डॅशसारखीच एकावर एक पंख्यांची रचना हाती घेतली. ती जड आणि खर्चिक ठरली. मग मुख्य पंखा आणि शेपटीचा पंखा अशी नेहमीची मांडणी स्वीकारून १९८७ मध्ये तिने 'आर-५०' हे यंत्र सिद्ध केले. तीन मीटरांहून किंचित अधिक व्यासाचा पंखा, पाण्याने थंड होणारे लहानसे दोन-स्ट्रोक इंजिन आणि वीस किलो औषध वाहण्याची ताकद, एवढा त्याचा संसार. पिकाच्या वर तीन-चार मीटर उंचीवरून ते जाऊ लागले म्हणजे पंख्याच्या झोताने भाताची पाने उलटत आणि औषध पानांच्या खालच्या अंगालाही लागे. हा फायदा कोणा शास्त्रज्ञाने आगाऊ योजिला होता असे नव्हे, हेलिकॉप्टरच्या प्रकृतीतच तो होता.

गोम होती ती बांधावर उभ्या असलेल्या चालकाची. शंभर-सव्वाशे मीटर अंतरावरून यंत्र कलले आहे की सरळ, पुढे येते आहे की मागे जाते आहे, हे डोळ्यांनी ठरविणे दुष्कर. आणि यंत्र त्याच्याकडे तोंड करून परतू लागले की डावे-उजवे उलटे होते. श्ल्युटरच्या हौशी तरुणाने ही कसरत रविवारच्या विरंगुळ्यासाठी केली. परंतु पन्नाशी-साठीतल्या शेतकऱ्याने ती दिवसभर, उन्हात, रोज शेकडो वळणे घेत करावी, ही अपेक्षाच अवाजवी होती. यंत्र एखादा मनुष्य उडवू शकतो हे पुरेसे नव्हते. गावातील कोणीही शहाणा मनुष्य काही आठवड्यांच्या शिक्षणाने ते उडवू शकेल, ही खरी अट होती. आणि याच अटीतून १९९५ मध्ये यामाहाची वृत्ति-नियंत्रण प्रणाली अवतरली. प्रकाशतंतूंचे तीन जायरोस्कोप यंत्राचे वळणे मोजीत, तीन त्वरणमापक त्याचे हिसके मोजीत, आणि या सहा साक्षीदारांच्या जबान्या ताडून एक लहानसे गणनयंत्र पात्यांना व शेपटीच्या पंख्याला क्षणोक्षणी हुकूम देई. चालकाने कळीवरचा हात सोडला तर पूर्वीचे यंत्र उलथत असे. हे सावरून धरी. कळ हलविणे याचा अर्थ 'पंखा इतका कलव' असा न राहता 'इतके कलून राहा' असा झाला. पुढे १९९७ मध्ये आलेल्या 'आर-मॅक्स' या मोठ्या भावात, आणि २००३ च्या आवृत्तीत उपग्रह-दर्शकाची जोड मिळाल्यावर, तोच अर्थ 'इतक्या वेगाने जात राहा' असा झाला. कळ सोडली की यंत्र जागच्या जागी थबके. म्हणजे आधी तोल, मग वेग, मग ठिकाण, अशा क्रमाने एकेक खाते यंत्राच्या अखत्यारात गेले.

नियंत्रणशास्त्राच्या ग्रंथांत हीच रचना आतील वलय आणि बाहेरील वलय अशा नावांनी वर्णिलेली असते: आतील वलय यंत्राचा कल सेकंदाला कित्येक वेळा सुधारते, त्याबाहेरील वलय वेगाच्या मागणीचे रूपांतर कलाच्या मागणीत करते, आणि सर्वांत बाहेरचे वलय 'अमुक ठिकाणी जा' या आज्ञेचे रूपांतर वेगात करते. आतील वलय बाहेरच्यापेक्षा पुष्कळ शीघ्र असल्यावाचून ही उतरंड उभी राहत नाही. विद्यार्थी ही रचना आज पहिल्या काही व्याख्यानांत शिकतो आणि ती बुद्धीने निष्पन्न झाली असे मानतो. शेताच्या बांधावर मात्र ती चालकाच्या थकव्याच्या मापाने, वर्षानुवर्षांच्या अंतराने, एकेक पायरी करून घडली.

येथे एक विरोधाभास नोंदविणे प्राप्त आहे. यंत्र संपूर्णतः आपणहून उडू शकेल अशी सिद्धता झाल्यावरही जपानी कायदेकानूंनी फवारणीच्या कामी त्याला ती मुभा दिली नाही. सनद मिळविलेला चालक, त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातील यंत्र आणि शेताच्या दुसऱ्या टोकास उभा असलेला मदतनीस, हा बंदोबस्त कायम राहिला. स्वयंशासित आर-मॅक्सला पहिली मोठी कामगिरी लाभली ती शेतात नव्हे, तर होक्काइदो बेटावर. ३१ मार्च २००० रोजी तेथील उसु ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि मनुष्याने पाऊल टाकू नये अशा प्रदेशावरून चिखलाच्या लोंढ्यांची छायाचित्रे आणण्यासाठी हे यंत्र धाडण्यात आले. आणखी एक गोष्ट: २००६ च्या जानेवारीत, हेच यंत्र चीनला धाडण्यात परदेशी व्यापाराच्या कायद्याचा भंग झाल्याच्या संशयावरून यामाहाच्या दप्तरांची झडती झाली. जे यंत्र करप्याचे औषध वाहते ते दुसरेही काही वाहू शकते, हे सरकारांच्या ध्यानात एव्हाना आले होते.

यामाहाचा हा सारा खटाटोप चालू असतानाच, तोकियो तंत्रविद्यापीठातील मिचिओ सुगेनो यांनी आर-५० वर एक वेगळाच प्रयोग आरंभिला. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या फझी, म्हणजे काठ अस्पष्ट असलेल्या संचांच्या गणितात सुगेनो यांचा अधिकार मोठा. सेंदाई शहरातील भुयारी रेल्वे १९८७ पासून याच गणितावर धावू लागली होती. सुगेनो यांची भूमिका अशी की, हेलिकॉप्टरची समीकरणे मांडीत बसण्यापेक्षा निष्णात चालकाला जे ठाऊक असते ते नियमांत उतरवावे: नाक थोडे खाली असेल आणि आणखी झपाट्याने खाली जात असेल, तर कळ बरीच मागे घ्यावी, झपाटा कमी असेल, तर किंचित. असे नियम खालच्या पायरीवर तोल सांभाळीत, वरच्या पायरीवर दुसरे नियम मार्ग आखीत, आणि सर्वांच्या वर मनुष्य तोंडी आज्ञा करी: पुढे जा, थांब, उतर. १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी तोंडच्या शब्दांवर डोलणारे ते हेलिकॉप्टर पुष्कळांना चमत्कार वाटले. माझ्या मते सुगेनो यांची खरी कमाई तो देखावा नव्हे. जाणत्या हातांचे ज्ञान गणिताने अवमानू नये, हा त्यांचा आग्रह होय.

अमेरिकी विद्यापीठे या क्षेत्रात उतरली ती एका चुरशीच्या निमित्ताने. जॉर्जिया टेक येथील रॉबर्ट मायकेलसन यांनी १९९१ मध्ये एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली: उडणाऱ्या यंत्राने, मनुष्याच्या हस्तक्षेपावाचून, मैदानाच्या एका अंगाची धातूची चकती उचलून दुसऱ्या अंगास न्यावी. ऐकण्यास पोरखेळ वाटणारे हे काम कोणालाही पहिली काही वर्षे साधले नाही. कितीएक यंत्रे जमिनीवरून उठली नाहीत आणि जी उठली ती आदळली. १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने प्रामुख्याने उपग्रह-संकेतांवर विसंबणारे हेलिकॉप्टर आणले; त्यावरील अनेक अँटेनांना पोहोचणाऱ्या संकेत-लहरींतील सूक्ष्म फरकावरून ते आपले ठिकाणच नव्हे तर आपला कलही मोजी. त्या काळी नागरी वापराचे उपग्रह-संकेत अमेरिकी सैन्याच्या हुकमाने मुद्दाम बिघडविलेले असत आणि शंभर मीटरपर्यंतची चूक गृहीत धरावी लागे. म्हणून मैदानाच्या कडेस दुसरे केंद्र मांडून ती चूक वजा करण्याची खटपट करावी लागली. हा बिघाड मे २००० च्या आरंभी अध्यक्षीय आज्ञेने उठविण्यात आला, आणि त्या एका हुकमाने जगातील सर्व लहान उडत्या यंत्रांचे जेवढे कल्याण केले तेवढे अनेक प्रबंधांनीही केले नसेल.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ताकेओ कानादे आणि ओमीद अमिदी यांनी यंत्राला दृष्टी देण्याचा मार्ग धरला: खाली रोखलेल्या कॅमेऱ्यांतील जमिनीच्या खुणा क्षणाक्षणाला जुळवून यंत्राने आपले सरकणे ओळखावे. १९९८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या हेलिकॉप्टरने कॅनडाच्या उत्तर ध्रुवप्रदेशातील डेव्हन बेटावर, हॉटन या उल्कापाताच्या विवराची मोजणी केली. ते यंत्र कोणते? यामाहाचे आर-५०. बर्कलीच्या प्रयोगशाळेत आर-५० आणि आर-मॅक्स; जॉर्जिया टेकमध्ये आर-मॅक्स; नासाच्या एम्स केंद्रात आर-मॅक्स; स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात आर-मॅक्स. पंडितांनी ज्यावर आपली प्रमेये पारखली ते यंत्र भाताच्या फवारणीसाठी घडलेले होते. आणि पुरेसे वजन उचलणारे, मोडले तर दुरुस्त होणारे, तोल स्वतः सांभाळणारे दुसरे यंत्र त्या काळी सहजासहजी मिळतही नव्हते. प्रबंधांच्या उपोद्घातांत याचा उल्लेख एखाद्या ओळीपलीकडे नसतो.

या पंडितांनी दिलेले देणे मात्र लहान लेखण्याचे कारण नाही. नियंत्रक रचावयाचा तर आधी यंत्राचा स्वभाव अंकांत मांडला पाहिजे, आणि हेलिकॉप्टरच्या पंख्याखालील हवेचा हिशेब केवळ सिद्धांताने पुरा होत नाही. एम्स येथील मार्क टिशलर यांनी मोठ्या हेलिकॉप्टरांसाठी एक पद्धत विकसित केली होती: चालकाने कळ आधी संथ लयीत, मग हळूहळू द्रुत लयीत मागेपुढे हलवीत जावे, यंत्राने दिलेला प्रतिसाद नोंदवावा, आणि कोणत्या लयीला यंत्र कितपत आणि किती उशिराने साद देते यावरून त्याची समीकरणे उलटी शोधून काढावी. १९९९ च्या सुमारास बर्नार्ड मेटलर, टिशलर आणि कानादे यांनी हीच पद्धत आर-५० ला लाविली. त्यात असे आढळून आले की, लहान हेलिकॉप्टरचे वर्तन मुख्यत्वेकरून पंखा आणि त्यावरील स्थैर्यदांडी यांच्या जोडीने ठरते, आणि दांडीला समीकरणांत स्वतंत्र स्थान दिल्यावाचून हिशेब जुळत नाही.

एकदा समीकरणे हाती आल्यावर धाडस वाढले. एमआयटीतील एरिक फेरॉन, व्लादिस्लाव गाव्रिलेत्स आणि मेटलर यांनी हौशी बाजारातील एक मॉडेल हेलिकॉप्टर घेऊन २००१ मध्ये त्याच्याकडून आपोआप कोलांटी करविली. स्टॅनफर्डमध्ये अँड्र्यू एन्ग, पीटर ॲबील आणि ॲडम कोट्स यांनी त्याच दशकात आणखी एक पाऊल टाकले. एका निष्णात चालकाने तीच कसरत अनेक वेळा करून दाखवावी. प्रत्येक वेळी काही ना काही चुकणारच, परंतु दर वेळची चूक निराळी. तेव्हा या सर्व अपुऱ्या नमुन्यांवरून चालकाच्या मनात कोणती कसरत होती हे गणनयंत्राने अनुमानावे आणि ती करून दाखवावी. तसे झालेही, आणि शिष्याची कसरत गुरूपेक्षा अधिक नेटकी उतरली. सुगेनो यांनी चालकाचे ज्ञान नियमांत उतरविले होते. येथे नियम सांगण्याचीही गरज उरली नाही, त्याचे हात पाहणे पुरले.

यानंतरचा भाग झपाट्याने उरकतो. भ्रमणध्वनीच्या कारखान्यांमुळे सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले जायरोस्कोप काही रुपयांत मिळू लागले, आणि २०१० च्या सुमारास मॉडेल हेलिकॉप्टरांच्या माथ्यावरून यंगची दांडी नाहीशी होऊ लागली. तिचे काम नखाएवढी चकती करू लागली. शेन्झेनमध्ये २००६ साली स्थापन झालेल्या डीजेआय कंपनीने आरंभी हेलिकॉप्टरांसाठीच नियंत्रक विकले. परंतु चकती इतकी शीघ्र झाली असताना पात्यांचे कोन बदलणाऱ्या नाजूक सांधेजोडणीची मातब्बरी ती काय? चार साधे पंखे चार कोपऱ्यांत बसवावे आणि केवळ त्यांचे वेग कमीजास्त करून तोल राखावा, हे सोपे झाले. जी स्थिरता यंगने यांत्रिक कौशल्याने मिळविली ती आता निव्वळ गणनेने मिळत होती, म्हणून यांत्रिक कौशल्याचाच त्याग झाला. चौपंखी यंत्रांची ही लाट आपल्याकडेही पोहोचली: पवईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापिलेल्या आयडियाफोर्ज कंपनीने पुण्याजवळील संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्याने 'नेत्र' हे टेहळणीचे यंत्र केले. बर्कलीतील हेलिकॉप्टर-संशोधनाचे धुरीण शंकर शास्त्री हेही पवईच्याच संस्थेचे १९७७ चे पदवीधर.

जुन्या यंत्राला परदेशी राजमान्यता मिळाली ती उशिरा. कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याच्या द्राक्षमळ्यांवर चाचण्या झाल्यानंतर मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान-प्रशासनाने आर-मॅक्सला फवारणीची परवानगी दिली. त्याच वर्षी डीजेआयने आपले पहिले बहुपंखी फवारणी-यंत्र जाहीर केले. ते स्वस्त होते, शिकण्यास सोपे होते, आणि दोन-चार वर्षांत त्याने चीन, जपान व नंतर आपल्या येथील शेतेही व्यापण्यास प्रारंभ केला. २०१९ मध्ये खुद्द यामाहाने आठ पंख्यांचे, बॅटरीवर चालणारे फवारणी-यंत्र बाजारात आणले. तथापि तिने पेट्रोलचे एकपंखी हेलिकॉप्टर बंद केले नाही. तीस किलो औषध घेऊन मोठे शिवार एका दमात फवारावयाचे असेल, तर बॅटरी तेव्हा त्याची बरोबरी करू शकत नव्हती.